अण्णाच्या छातीचा प्रयोग

१४ जून

एकतीस वर्षं पोरांच्या मागं लागलो, प्रयोगवही ठेवा, तारीख घाला, दिसलं तेच लिहा, पदरचं घालू नका. स्वतः मात्र एक वही कधी पुरी केली नाही. आता चिकोडीच्या हायस्कुलातून निवृत्त होऊन बोरगावला परत आलोय, तर म्हटलं सुरुवात करावी.

प्रयोग असा. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, धरणेंद्रनं, सामाईक रानातली माळाची दोन एकर माझ्या हवाली केली आहेत. वडिलांच्या काळापासून तिथं तंबाखू असायची. यंदा मिरची, कडेनं तूर, आणि चिमूटभरही रासायनिक खत नाही की औषधाची फवारणी नाही. बांधाशेजारच्या नागेंद्रनं आठ शेतकऱ्यांचा गट केलाय. माळ यंदा तगला तर पुढच्या साली सगळ्यांची मिळून वीस एकर याच पद्धतीनं करायची ठरलंय. म्हणजे आठ घरांचे डोळे माझ्यावर आहेत. मास्तरला असे डोळे आवडतात, हे कबूल करतो.

अण्णाचा यातल्या कशावर विश्वास नाही. तरी रान दिलं. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता, मी दुसरीत. त्यानं दप्तर खुंटीला लावलं आणि तंबाखूत उतरला, मी बी.एस्सी. झालो. याबद्दल मी त्याच्याशी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता फार वाटतं, पण साठी गाठलेल्या माणसानं असली गोष्ट सुरू तरी कशी करायची?

२ जुलै

पहिलं जीवामृत तयार झालं. शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीला हवा म्हणून खाली गोठ्याशेजारी, विहिरीजवळ ठेवलाय. माळ वर, चांगल्या चढाला. पंधरा लिटरचे दोन कॅन दोन हातांत घेऊन वर न्यायचं, सरीत ओतायचं, परत खाली. दोन एकराला तेरा-चौदा खेपा होतात. माझे गुडघे फळ्यापुढं उभं राहण्यात गेले. त्यामुळं खेपा अण्णा करतो, मी वर उभा राहून किती ओतायचं ते सांगतो.

सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन आलेला अण्णा ड्रममध्ये काठी फिरवताना म्हणाला, "बस्तीत जाऊन आलो की पायाखाली मुंगी न्हाय ना बघतो आपण, आन तू हितं ड्रमात कोट्यानं जीव पैदा कराय लागलाईस."

"ते जमिनीला जगवणारे जीव आहेत, अण्णा."

"आसतील. वास मात्र मारणाराच हाय."

सातव्या खेपेला तो बांधावर टेकला. छाती भरल्यासारखी वाटते म्हणाला.

२१ जुलै

काळजीची गोष्ट. जीवामृत घातलं की अण्णाची छाती आवळते. आज तिसरी वेळ. आणि आज हे तो नागेंद्रच्या आणि गटातल्या भरमूच्या देखत बोलला. "ह्या घाणीनं छाती धरतीया बघा माझी. आत वाफ जातीया काय की."

भरमूनं लगेच नाकाला टॉवेल लावला. एका माणसाच्या तोंडून असं गावभर गेलं तर वीस एकर राहिली बाजूला, दोन एकरांतही कुणी पाऊल टाकायचं नाही.

वहिनींना, त्रिशलावहिनींना, विचारलं. त्या म्हणाल्या, "येरवी ठणठणीत की. म्हशी धुत्यात, उसाला पाणी पाजत्यात, दोन भाकरी खात्यात. तुमचं त्ये वतायचं आसलं की तेवढं हुतंय बघा भावजी."

म्हणजे निरीक्षण स्पष्ट आहे. इतर दिवशी काही नाही, जीवामृताच्या दिवशीच होतं. जीवामृतात विषारी असं काही नाही. उरलं काय? मन. त्याला ही शेती मनातून नको आहे, आणि जे तोंडानं मला सांगवत नाही ते छाती सांगते. परीक्षेच्या दिवशी माझ्या वर्गातल्या पोरांची पोटं दुखायची, मी पेपरमिंटची गोळी पाण्यातून द्यायचो, दहा मिनिटांत पोटं बरी. मन शरीराकडून काय वाटेल ते करून घेतं. हे अण्णाला पटवायला हवं, त्याच्याच भल्यासाठी.

४ ऑगस्ट

प्रयोग केला. यशस्वी.

पहाटे भावकूकडून, आमच्या गड्याकडून, ड्रम घासून घेतला आणि विहिरीच्या स्वच्छ पाण्यानं भरला. रंगासाठी त्यात थोडा गूळ विरघळवला, वास यावा म्हणून कॅनच्या तोंडाला बाहेरून शेण फासलं. भावकूला गप्प राहायला सांगितलं. गटाचे आठही जण आज माळ बघायला येणार होते, तो दिवस मुद्दाम धरला.

अण्णा खेपा करू लागला. सहाव्या खेपेला, चढाच्या मध्यावर, त्यानं कॅन खाली ठेवले आणि बसला. आभाळ भरून गार वारा सुटलेला, तरी याच्या कपाळावर घाम. "धरली बघा," म्हणाला, "म्हटलं न्हवतं?"

मी पुढं झालो, त्याच्या कॅनमधलं ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायलो. मग सांगितलं.

सुरुवातीला कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा भरमू जो हसत सुटला तो बांधावर आडवा झाला. नागेंद्रही हसला. अण्णा कॅनकडं बघत होता.

"पाणी?" त्यानं विचारलं.

"विहिरीचं पाणी, रंगाला थोडा गूळ, अण्णा. तुझ्या छातीला काही झालेलं नाही. सगळं मनाचं आहे."

त्यानं टॉवेलनं कपाळ पुसलं. उठला, दोन्ही कॅन उचलले आणि वर जाऊन ते पाणी मिरचीला घालून आला. उरलेल्या खेपाही केल्या, कुणी सांगितलं नसताना.

संध्याकाळ. जेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. चारचौघांत करायला नको होतं. एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मग गटाची भीती गेली नसती. आता गेली. तरी जेवण गोड लागलं नाही.

११ ऑगस्ट

गाव ते गावच. बस्तीच्या कट्ट्यावर अण्णा दिसला की कुणीतरी म्हणतंच, "आण्णा, पाणी बेतानं प्या, छाती भरंल." तोही हसतो. मी भरमूला एकदा दटावलं, पण गोष्ट मीच पसरवली आहे, दटावणार कुठल्या तोंडानं?

ब्राह्मीचा, अण्णाच्या लेकीचा, बेळगावहून फोन. तिथं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. "काका, आप्पांच्या छातीचं आई काहीतरी सांगत होती. एकदा ईसीजी काढूया का? मी सुट्टी घेते." मी तिला प्रयोग सविस्तर सांगितला. दहावीला माझ्याच वर्गात होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्नच नाही."

१९ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. दसलक्षणाचे दहा दिवस उपवास, पूजा, प्रवचन यात गेले. अण्णानं एकवेळ जेवून सगळे दिवस पार पाडले, रानातलं काम बंद होतं, चेहरा चांगला उजळला होता.

काल क्षमावाणी. बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागत होते. मीही दरवर्षीसारखा सरसकट सगळ्यांपुढं जोडत निघालो. अण्णापाशी आलो तर तोच आधी वाकला. वयानं मोठा, आणि माझ्यापुढं वाकून म्हणाला, "गोमटेश, तुझ्या कामात मोडता घातला मी. मन वंगाळ माझं. क्षमा कर."

मी "उत्तम क्षमा" म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

थोपटलं हे लिहिताना कसंतरी होतंय. त्यानं नेमकी एक गोष्ट उचलून माफी मागितली. मी माझी नेमकी गोष्ट काढली नाही.

बाकी प्रयोग उत्तम. मिरची कमरेएवढी, ढेकूळ फोडलं की गांडूळ. ऑगस्टनंतर अण्णाची एकही तक्रार नाही. मन साफ झालं की शरीर कसं मागोमाग येतं! उलट त्याला आता पिकाचा लळा लागलाय. प्रत्येक खेपेला चढाच्या मध्यावर थांबतो आणि पाच-पाच मिनिटं नुसता पीक बघत उभा राहतो. जेवणानंतर ओवा चघळायची तेवढी सवय लागलीय. पित्त असेल.

१७ ऑक्टोबर

अण्णा बेळगावला आयसीयूत. लिहवत नाही.

२० ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलोय. दिसलं तेच लिहायचं, म्हणून लिहितो.

सोळा तारखेला जीवामृत होतं. सकाळी आठच्या सुमाराला, पाचव्या खेपेला, त्याच्या छातीत कळ आली. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी वरच होतो. तो थांबला, पीक बघत उभा राहिला, मग वर आला. त्यानंतर नऊ खेपा केल्या. दुपारी जेवायला बसला आणि भाकरी तशीच ठेवली. मी म्हणालो, ओवा खा. चारच्या सुमाराला वहिनींनी बघितलं तर बनियन पिळून निघेल इतका ओला आणि ओठ काळे. त्या ओरडल्या तेव्हा म्हणाला, "काय न्हाय गं. मनाचं हाय. गोमटेशला सांगू नगंस."

निपाणीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि लगेच पुढं न्यायला सांगितलं. ब्राह्मी बेळगावात म्हणून इकडं आणलं. हृदयाची बंद झालेली शीर उघडली, पण तोवर अकरा-बारा तास गेले होते. हृदयाचा मोठा भाग मेला आहे.

डॉक्टर तरुण आहे. त्यानं मला विचारलं, "यांना महिनोन्महिने त्रास होत असणार. चढावर, ओझं उचलल्यावर छाती भरायची का? थांबलं की बरं वाटायचं का?"

मी व्हय म्हणालो. आणि व्हय म्हणता म्हणता मला कळलं.

पाणीही तेवढंच जड असतं. जीवामृताच्या जागी मी पाणी घातलं, कॅनच्या आत काय आहे तेवढं बदललं, आणि तीस लिटरचं ओझं तसंच ठेवलं, चढ तसाच ठेवला. एक गोष्ट तपासायची तर बाकीच्या किती सारख्या राहिल्या ते आधी बघा, हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचो. जे पोर हे विसरायचं त्याला मी वही फेकून मारायचो. एकदा, फक्त एकदा, रिकामे कॅन देऊन वर पाठवलं असतं. किंवा मी स्वतः कॅन उचलले असते. किंवा त्याला तो म्हणतो ते खरं मानून दवाखान्यात नेलं असतं, त्यासाठी प्रयोगही लागला नसता.

ब्राह्मी शेजारी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. उठून पाण्याची बाटली भरायला गेली.

२८ ऑक्टोबर

घरी आणलं. हृदयाचं काम तीस टक्क्यांवर आलंय. जिना नाही, ओझं नाही, चढ नाही. डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं, छातीत जरा काही वाटलं की लगेच सांगायचं, लगेच यायचं, पुढच्या वेळी इतका वेळ मिळणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी नर्स कानडीत विचारत होती, "अज्जा, एदी नोवु ऐतेन?" छातीत दुखतंय का म्हणून. अण्णानं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाला, "इल्ल." नाही. ती गेल्यावर त्याचा हात चादरीखाली छातीवर गेलेला मी बघितला.

९ नोव्हेंबर

गावात नवीन बोलणं सुरू झालंय. मास्तराच्या घाणेरड्या पाण्यानं धरणेंद्र आण्णाच्या काळजाचा घात केला, आण्णा आधीच सांगत होते, कुणी ऐकलं नाही. भरमूसह पाच जण गटातून निघाले. नागेंद्र माझ्याकडं आला. "मास्तर, तुमीच सांगा. ह्या औषधानं झालं का न्हाय?"

उत्तर सोपं होतं, जीवामृताचा काही संबंध नाही. पण एवढंच सांगितलं असतं तर मी परत वाचलो असतो. म्हणून सकाळी पूजेनंतर बस्तीच्या कट्ट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं. ऑगस्टातला प्रयोग चुकीचा होता. अण्णा खरं बोलत होता, त्याची छाती खरंच धरत होती, ती वासानं नाही तर ओझ्यानं. औषध निर्दोष आहे, दोष माझा आहे. तुम्ही त्याला हसलात ते माझ्यामुळं.

भरमू खाली बघत होता. एक म्हातारे म्हणाले, "बस बाळा, बस." मला बाळा म्हणून हाक मारणारी गावात आता दोन-तीनच माणसं उरलीत.

घरी आलो तर वहिनी चुलीपुढं होत्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. पाठ न वळवता म्हणाल्या, "भावजी, त्यो ड्रम वर माळावर ठिवाय काय झालं हुतं? मोटरनं पाणी वर गेलंच असतं की. चार पत्रं टाकली की सावली."

काय झालं होतं? काही नाही. मला सुचलं नाही, कारण खेपा मला करायच्या नव्हत्या. जमिनीला विश्रांती हवी, किड्यामुंगीला जगू द्यावं, पन्नास वर्षांनी या माळात काय उरेल, यावर मी गटापुढं तास-तास बोललो. कॅन कोण उचलतो हे त्यात कुठंच नव्हतं. शेती टिकवायची म्हणजे ती करणारा माणूस आधी टिकवायचा, हे वहिनींना चुलीपुढून दिसलं.

३० नोव्हेंबर

नागेंद्रनं आणि भावकूनं ड्रम वर नेला, पत्रे टाकले, पाइप जोडला. चढाचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. नागेंद्र स्वतःची एक एकर करणार म्हणतो. वीस नाही, एक.

अण्णाचं अवघड झालंय. पंधरा दिवसांत दोनदा बेळगावला जाऊन आलो. पहिल्यांदा वहिनींनी त्याला भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेलं बघितलं, दुसऱ्यांदा मी. दोन्ही वेळा ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर भीतीनंही छाती दुखते, दुखणं खरंच असतं, फक्त ते हृदयातून येत नाही. मी विचारलं, मग त्यानं ओळखायचं कसं? ते म्हणाले, त्यांनी ओळखायचं नाही, त्यांनी फक्त सांगायचं. शंभर वेळा फुकट आलात तरी चालेल.

म्हणजे मनानंही छाती दुखते हे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, विज्ञानाच्या बाजूनं माझं एवढंच उरलं.

परत येताना गाडीत अण्णा म्हणाला, "दोन डाव फुकट झालं बघ. ह्या डावाला बी मनाचंच निघालं." मी म्हणालो, फुकट नाही. तो खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत राहिला. आता तो सांगत नाही. पाणी पिताना थांबतो, चप्पल घालताना थांबतो. विचारलं की "न्हाय." मी दिवसभर त्याचं तोंड बघत फिरतो, तो माझी नजर चुकवतो.

दप्तर खुंटीला लावल्याचं परवा त्याच्याशी बोललो. इतक्या वर्षांनी. म्हणाला, "मला शाळा आवडतच न्हवती रं." खोटं बोलत होता.

१४ डिसेंबर

परत त्याच बाकावर. डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत. ब्राह्मी आत आहे, वहिनी देवाचं नाव घेत बसल्यात.

दुपारी माळावर लाल मिरचीचा तोडा चालला होता. अण्णाला बांधाच्या कडेला खुर्ची टाकून दिली होती. नागेंद्रनं मोटरसायकलवरून अलगद वर आणलं होतं. बायका तोडत होत्या, तो त्यांना लांबूनच सांगत होता, देठासकट तोडा म्हणून. चेहऱ्यावर ऊन, बरा दिसत होता.

मी पोती शिवत होतो. त्यानं हाक मारली, "गोमटेश, हिकडं ये जरा."

गेलो. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. आवाज अगदी बारीक.

"डाव्या अंगाला दुखाय लागलंय. हे खरं हाय काय रं? का मनाचं? तूच सांग, तुला कळतंय त्यातलं."

ऑगस्टात मला उत्तर द्यायला एक ओंजळ पाणी पुरलं होतं. आज मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा होतो आणि मला काहीएक कळत नव्हतं. जे कळत होतं ते एवढंच, की सहासष्ट वर्षं स्वतःचं अंग स्वतः ओळखणाऱ्या माणसाला मी आता दुखतंय का हेसुद्धा विचारून घ्यायला लावलंय.

"खरं आहे, अण्णा," मी म्हणालो.

"नीट बघून सांग. परत फुकट जायला नगं."

"बघितलं. खरं आहे. चल, ऊठ."

मग त्यानं छातीवर हात ठेवला.